पुदिन्याला पाणी, तुळशीला नमस्कार

स्वयंपाकघराची खिडकी इतकी खोल होती की तिच्या कट्ट्यावर माणूस मांडी घालून बसला असता. ग्लासगोतल्या एका जुन्या दगडी इमारतीत, अगदी वरून दुसऱ्या मजल्यावर, मी लग्न होऊन आले तेव्हा त्या घरातली मला पहिल्यांदा आवडलेली गोष्ट म्हणजे ती खिडकी. मग सासूबाई आवडल्या. नवऱ्याचा नंबर तिसरा लागला; हे त्यांना ठाऊक आहे आणि आता त्यांची तक्रार नाही. सकाळी हीटिंग सुरू झालं की भिंतीतले पाइप पोटात गॅस धरल्यासारखे गुरगुरायचे. वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याची नखं लाकडी जमिनीवर टकटक वाजायची. मी फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलायचा आणि सासूबाई हातातला टॉवेल त्याच्याखाली गरागरा फिरवत म्हणायच्या, "झालं गं बाई, झालं, गप आता." संध्याकाळी भर पावसात आइस्क्रीमची गाडी गाणं वाजवत खाली यायची, आणि त्या गारठ्यात पोरं खरोखर आइस्क्रीम घ्यायला धावायची. सासूबाई खिडकीतून बघायच्या. "यांच्या आया काही बोलत नाहीत का?" असं त्या रोज विचारायच्या, आणि मी रोज "नसतील बोलत" असं सांगायचे.

मी कराडजवळची. माझी शाळा नववीत सुटली. आई अंथरुणाला खिळली, पाठीवर धाकटे भाऊ, आणि घरात भाकरी थापायला दुसरं कुणी नव्हतं. त्यात कुणाचा दोष नव्हता आणि रडत बसायला सवडही नव्हती. पण एक गोष्ट तेव्हापासून मनाला चिकटली ती चिकटलीच, की मी हातात घेतलेली कुठलीच गोष्ट शेवटाला जात नाही. शाळा अर्धी राहिली, शिवणाचा क्लास अर्धा राहिला, भावासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरला एकच बाही झाली. त्यात मी मुळातली घाबरट. दाराची बेल वाजली तरी छातीत धडधडायचं, फोन वाजला तर मी दुसऱ्या खोलीत जायचे. अशी मुलगी सासूबाईंनी का पसंत केली, हे मला लग्नानंतर कळलं. बघायला आल्या तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलंच नव्हतं. आमच्या दारात तेलाच्या जुन्या डब्यात कोथिंबीर लावलेली होती, ती बघून त्यांनी विचारलं होतं, "ही कुणी लावली?" मी मान खाली घालून "मी" म्हटलं होतं. बस. सासरे गेल्यावर त्या मुलाकडे, म्हणजे आमच्या यांच्याकडे, राहायला आल्या होत्या, आणि हिरवं काही डोळ्यांना दिसत नाही म्हणून झुरत होत्या. त्यांना सून हवी होतीच, पण त्याहून जास्त कोथिंबीर हवी होती, असं हे अजून चिडवतात. यांचं नाव श्रीधर. हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि दोन्हीच्या मधे झोप.

तर मी आल्यावर आम्ही दोघींनी त्या खिडकीचा कट्टा भरायला घेतला. आइस्क्रीमचे रिकामे डबे, दह्याचे डबे, जे हाताला लागेल ते. विणायची सुई गॅसवर तापवून डब्यांच्या बुडाला भोकं पाडायची, प्लॅस्टिक जळल्याचा वास सगळ्या घरात. धने लाटण्याखाली हलके रगडून दोन फाका करायच्या आणि मग पेरायचे. मेथी तर इतक्या लवकर वर यायची की सासूबाई तिला "आगाऊ कार्टी" म्हणायच्या. पुदिना वाण्याच्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटल्यावर लावला. चायनीज दुकानातून आणलेल्या गवती चहाच्या दांड्याही तशाच जगवल्या. त्या कोथिंबिरीच्या वड्यांचा पहिला घाणा तळला तेव्हा हे रात्रपाळीहून आले होते, बूट न काढता, उभ्याने, चिमट्यातली गरम वडी खाल्ली आणि म्हणाले, "आई, आपण कुठे आहोत नक्की?" त्यावर सासूबाईंनी आधी बूट काढायला सांगितलं.

आता मुख्य गोष्ट. इथल्या मराठी मंडळींचं तुळशीचं लग्न एका चर्चच्या हॉलमध्ये व्हायचं. मी पहिल्यांदा गेले ते जीव मुठीत धरून. सगळे डॉक्टर, डॉक्टरांच्या बायका, त्यांची इंग्लिशमध्ये बोलणारी मुलं. मी भिंतीला पाठ लावून अक्षतांचं ताट धरून उभी होते, कारण हातात ताट असलं की कुणी आपल्याशी बोलायला येत नाही. मंडळाचं सगळं शशीकाकू बघायच्या. त्या भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, आणि आवाजही असा की ऐकून निम्मी काळजी तिथेच निघून जावी. त्यांनी गाडीतून एक खोकं आणलं. त्यात ख्रिसमसचं झाड होतं, चमचमत्या माळा होत्या, आणि तळाशी प्लॅस्टिकची तुळस. तिची पानं पुसून, तिला हिरवी चोळी गुंडाळून त्यांनी टेबलावर ठेवली. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. मग जेवताना कुणीतरी म्हणालं की खरी तुळस असती तर काय बहार आली असती. शशीकाकू हसल्या. "अगं, इथे तुळस जगत नाही. आम्ही सगळ्यांनी करून बघितलं. थंडी आली की गेलीच. एडिनबऱ्याच्या लोकांचंही तेच."

"मी आणते पुढच्या वर्षी," कुणीतरी म्हणालं.

ती मी होते. मला माझा आवाज ऐकू आला आणि माझीच मान मागे वळली, कोण बोललं बघायला. शशीकाकूंनी चमचा खाली ठेवला. "खरंच आणशील? जिवंत?" आणि मी हो म्हटलं. येताना गाडीत हे हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकवत होते. "तू बोललीस! मंगल, तू सगळ्यांसमोर बोललीस!" मला मात्र घाम फुटला होता. मागे बसलेल्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बोलली ते बरंच झालं. माझ्याकडे मंजिऱ्या आहेत."

त्या चष्म्याच्या जुन्या डबीत होत्या. गावच्या अंगणातल्या तुळशीच्या, वाळून काळ्या पडलेल्या. इथे आल्यापासून त्यांनी ती डबी उघडली नव्हती. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "उगवली नाही तर मग काय करायचं, म्हणून." तेव्हा मला कळलं की घरात घाबरट मी एकटी नाही.

दिवस मोठे व्हायला लागले तेव्हा आम्ही त्या मंजिऱ्या तळहातावर चुरल्या. बी मोहरीहूनही बारीक. सासूबाईंनी सांगितलं, मातीत पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं, आणि हाताने थोपटायचं, बाळाला थोपटतात तसं. डबा बॉयलरच्या कपाटात ठेवला, टॉवेलांच्या शेजारी, कारण घरात उबेची जागा तेवढी एकच. मी दिवसातून कितीदा ते कपाट उघडायचे देव जाणे. सासूबाई ओरडायच्या, "अगं, ऊब बाहेर जाते!" आणि थोड्या वेळाने स्वतःच हळूच उघडायच्या. एके सकाळी हे अंघोळीला टॉवेल घ्यायला गेले आणि तिथूनच ओरडले, "आई! मंगल! आलं!" हिरवे ठिपके. त्या दिवशी सासूबाईंनी शिरा केला. यांनी आणि मी पातेलं पुसून खाल्लं.

इथला उन्हाळा म्हणजे, ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते, ऊन कमी पण उजेड मात्र संपतच नाही. जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी बाहेर दिवस असतो. त्या उजेडात तुळस अशी वाढली की विचारू नका. त्यातलं सगळ्यात जोमाचं रोप आम्ही निवडलं, बाकीची लहान डब्यांत लावली, पण ती कोवळेपणीच गेली. यांनी तिच्यासाठी एक कुंडी विकत आणली. निळी, चकचकीत, चिनी मातीची, काठावर पांढरी वेल काढलेली. माझ्या लक्षात आलं होतं की तिच्या बुडाला भोक नाही. पण एवढ्या कौतुकाने आणलेली कुंडी, नवऱ्याने लग्नानंतर घरासाठी आणलेली पहिली सुंदर वस्तू, तिला भोक नाही असं कसं म्हणू? मी तळाशी खडे घातले आणि गप्प बसले. सासूबाईंनी तिला हळदकुंकू लावलं आणि त्या दिवसापासून त्यांचा नेम सुरू झाला. अंघोळ झाली की तांब्याभर पाणी तुळशीला, नमस्कार, आणि मगच चहा. लग्न होऊन सासरी आल्यापासूनचा तो नेम, इथे येऊन मोडला होता, तो पुन्हा जुळला. त्या तांब्यातून पाणी पडतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्या आवाजाने मी जागी व्हायचे, आणि वाटायचं, घर आता नीट लागलं.

उन्हाळा उतरला. उजेड हळूहळू आखडत यायला लागला, आणि तुळशीची खालची पानं पिवळी पडली. मग मधली. मग शेंडे माना टाकल्यासारखे झुकले. मी घाबरले. लग्नाला आता फार दिवस उरले नव्हते. शशीकाकूंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एडिनबऱ्याहून माणसं येणार होती, नुसती तुळस बघायला. मी संध्याकाळी तिच्यापुढे उभी राहायचे आणि मला एका बाहीचा स्वेटर दिसायचा. ही पण अर्धीच राहणार. मी तिला पाणी घालायचे. तिला तहान लागली असेल, थंडी लागली असेल, माझ्याकडून काही कमी पडत असेल. आणि कमी पडलं की बाईमाणूस काय करतं, आणखी घालतं.

आमच्या समोरच्या दारात मोराग राहायची. सत्तरीची, एकटी, जिन्यात बागेतल्यासारखी कुंड्यांची रांग लावणारी. ती मला "हेन" म्हणायची. इथल्या बायका प्रेमाने असंच म्हणतात. तिच्याशी बोलायला मला भीती वाटत नसे, कारण तिचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही आणि माझं निम्मं तिला, त्यामुळे आम्ही दोघी समान पातळीवर होतो. एका शनिवारी सकाळी मी तिचं दार वाजवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी आपण होऊन कुणाची बेल वाजवली. ती ड्रेसिंग गाऊनमध्येच आली, चष्मा नाकावर ओढला, तुळशीकडे बघितलं, पण पानांना हात लावला नाही. तिने दोन्ही हातांनी कुंडी उचलली. "उफ्," असा आवाज तिच्या तोंडून निघाला आणि कुंडी तिने परत खाली ठेवली. मग शेजारचा मेथीचा डबा माझ्या हातात दिला, आणि मग कुंडी उचलायला सांगितली. डबा हलका होता. कुंडी दगडासारखी जड.

"हू'ज बीन वॉटरिंग दिस, हेन?" पाणी कोण घालतंय हिला?

"मी," मी म्हटलं. "संध्याकाळी."

"मी," माझ्या मागून सासूबाई म्हणाल्या. "सकाळी, अंघोळ झाल्यावर."

बाथरूमच्या दारात हे उभे होते, तोंडात ब्रश. त्यांनी ब्रश बाहेर काढला. "मी पण. कामावरून आलो की. मला वाटलं तुम्ही दोघी विसरत असाल."

मोरागने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग तिने कुंडी जराशी कलती केली, आणि त्या निळ्या चिनी मातीच्या काठावरून काळं पाणी ओघळून कट्ट्यावर आलं. त्याला गटारासारखा वास होता. "शी'ज नॉट थर्स्टी," मोराग म्हणाली, "शी'ज ड्राउनिंग." मला ते शब्द बरोबर कळले. हिला तहान लागलेली नाही, ही बुडते आहे. या सगळ्या गावातल्या तुळशी थंडीने मरत होत्या असं सगळे म्हणत होते. त्या थंडीने नव्हत्या मरत. दर घरात एक नेमाची सासू, एक काळजीची सून आणि एक कौतुकाचा मुलगा असणार. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना प्रेमाने बुडवलं होतं.

मोरागने तिची एक जुनी मातीची कुंडी आणून दिली, साधी तांबडी, बुडाला बोटाएवढं भोक असलेली. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. तुळस बाहेर काढली तर खालची मुळं काळी आणि लिबलिबीत झालेली. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मी कात्री घेतली. काळं तेवढं कापलं, पांढरं ठेवलं. मातीचा गोळा कोरड्या कागदात गुंडाळून ठेवला, कागद भिजला की दुसरा. संध्याकाळी ती वाळूमिश्रित मातीत, तांबड्या कुंडीत उभी राहिली. उभी कसली, टेकून राहिली. अर्धी पानं जमिनीवर पडली होती. यांनी निळी कुंडी मुकाट्याने धुतली आणि तिच्यात डाव, झारे ठेवले. ती अजून आहे, गॅसशेजारी. डावांना भोक लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती पाणी पडण्याच्या आवाजाने नाही. आवाज आलाच नाही, म्हणून जाग आली. मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई अंघोळ करून, ओले केस टॉवेलात बांधून, भरलेला तांब्या हातात धरून तुळशीपुढे उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. चहाचं आधण ठेवलेलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून माझा धीर सुटला. या बाईने मला शिक्षण न विचारता घरात घेतलं, आणि मी तिचा जन्माचा नेम तोडायला निघाले.

"आई," मी म्हटलं, "थोडंसं घाला. एवढ्याने काही होत नाही."

"होतं," त्या म्हणाल्या. "तू काल कात्री चालवलीस ना? डोळे उघडे ठेवून चालवलीस. मग आता मला मोह घालू नकोस."

"पण तुमचा चहा..."

"तोच विचार करतेय. नेम मोडून चहा घेऊ, की चहा सोडून नेम धरू." आणि असं म्हणता म्हणता त्यांची नजर बाजूला गेली. तुळशीच्या शेजारी पुदिन्याचा डबा होता. सगळं घर तुळशीच्या मागे लागलेलं, पुदिन्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्या बिचाऱ्याने पार मान टाकली होती, पानं कागदासारखी झालेली. सासूबाईंनी बोटं तांब्यात बुडवली, ओली बोटं तुळशीच्या बुंध्याला टेकवली, एवढीच, डोळे मिटून काय म्हणायचं ते म्हणाल्या, आणि मग तांब्या शेजारी वळवून सगळंच्या सगळं पाणी पुदिन्याला घातलं. तोच आवाज, तीच धार.

"देव काय गावभर लांब बसलेत का?" त्या मला म्हणाल्या. "एका कट्ट्यावर तर आहेत दोघं. पोचतं ते. ठेव चहा."

मी चहा ठेवला. गवती चहा जरा जास्तच टाकला, कारण मला काहीतरी जास्त करायचं होतं.

त्या दिवसापासून पाणी पुदिन्याला आणि नमस्कार तुळशीला. तुळशीला पाणी घालायचं की नाही हे फक्त मी ठरवायचं, कुंडी उचलून. जड लागली तर नाही घालायचं. हलकी लागली की थोडं, सकाळच्या वेळी, तेही कोमट. हे कामावरून आले की हात मागे बांधून तिच्यापुढे उभे राहायचे, म्हणजे मोह नको. दिवसा ती खिडकीत असायची. अंधार पडू लागला की काच गार व्हायची, मग मी तिला उचलून फ्रिजच्या डोक्यावर ठेवायचे, तिथे मागून जरा ऊब येते. सकाळी परत खिडकी. पुदिना मात्र असा माजला की डबा पुरेना, बादलीत लावला, बादली पुरेना. पुदिन्याची चटणी, पुदिन्याचं रायतं, पुदिन्याचे पराठे. यांनी एकदा हात जोडले, "आई, नेम जरा लहान तांब्याने करता येईल का?" मोरागला आम्ही जुड्याच्या जुड्या द्यायचो, ती बटाटे उकडताना टाकायची आणि म्हणायची की लहानपणी तिची आईही असंच करायची.

तुळशीचं मात्र काही कळेना. ना मरत होती, ना जगत होती. नुसत्या काड्या, वर चार पानं. आणि मग लग्नाच्या थोडे दिवस आधी मी तिला फ्रिजवरून उतरवताना, माझ्या नाकासमोर, काडी आणि वाळक्या देठाच्या बेचक्यात एक हिरवी टोकदार जोडी दिसली. नखाएवढीही नाही. मी हाक मारली नाही. खुर्चीवर बसले आणि कुंडी मांडीत घेऊन बराच वेळ तशीच बघत राहिले. मग दुसऱ्या बेचक्यात दिसली, मग तिसऱ्या. सासूबाई आल्या, माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी बघितलं, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "आली ग माहेरवाशीण."

लग्नाच्या दिवशी बाहेर बर्फासारखं दव पडलेलं, आणि आमची गाडी सुरू व्हायला तयार नाही. हे बॉनेट उघडून आत डोकं घालून बसले. मी सासूबाईंची लोकरी शाल काढली, तुळस तिच्यात पुरी गुंडाळली, शालीच्या आत कुंडीला टेकून गरम पाण्याची पिशवी ठेवली, आणि आम्ही दोघी बसने निघालो. गाडीचा नाद सोडून हेही मागोमाग बांबूच्या काठ्या घेऊन आले; ऊस कुठून आणणार, बागेच्या दुकानातल्या काठ्यांचाच मांडव होता. मी ते गाठोडं छातीशी धरून बसमध्ये चढले तर एक म्हातारा उठून उभा राहिला, मला जागा दिली, आणि शालीकडे कौतुकाने बघत विचारलं, मुलगा की मुलगी? मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "गर्ल." मग जरा थांबून, "मॅरेज टुडे." त्या म्हाताऱ्याचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. यांनी काठ्यांच्या मागे तोंड लपवलं.

हॉलमध्ये सगळे आधीच जमले होते. मी टेबलावर गाठोडं ठेवलं आणि मला परत तीच धास्ती. एवढं ऐकवून ठेवलं होतं सगळ्यांना, आणि ही बघा, वीतभर, किडकिडीत, जेमतेम पालवी धरलेली. शाल सोडताना मी म्हटलं, "जरा बारीक झालीये." सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "नवरी बारीकच असते. लग्नाच्या काळजीने." हसू उसळलं, आणि त्या हशातच मी शाल बाजूला केली.

बसच्या वाटेभर शालीच्या आत ऊब कोंडलेली होती. शाल सुटली तसा वास सुटला. शशीकाकू पुढे आल्या, वाकल्या, दोन बोटांत एक पान धरलं, तोडलं नाही, नुसतं चोळलं आणि बोटं नाकाशी नेली. मग त्यांनी ती तशीच नाकाशी धरून ठेवली. "वास येतोय गं," त्या म्हणाल्या. दर वर्षी त्या प्लॅस्टिकच्या तुळशीची पानं त्या निगुतीने पुसायच्या. तिला वास कुठून असणार. त्यांच्यामागे रांग लागली. म्हातारी माणसं, डॉक्टर माणसं, सगळी एकेक पान चोळून बोटं हुंगत होती. एका काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावायला विसरले. एक छोटी मुलगी टाचा उंचावून हुंगून म्हणाली, "आई, हा खरा आहे! याला कफ स्वीटचा वास येतो!" तिच्या आईने हसत म्हटलं, "अगं, खोकल्याच्या गोळीला हिचा वास येतो." मग कन्यादान कुणी करायचं हा प्रश्न आला. शशीकाकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मुलीचे आईवडील तर समोर उभे आहेत." आणि मी, विशीतली, भिंतीला पाठ लावून उभी राहणारी, यांच्या शेजारी पाटावर बसले. पांढरा टेबलक्लॉथ अंतरपाट झाला. समोरून शशीकाकूंचा बाळकृष्ण नवरदेव.

अक्षता टाकण्याआधी सासूबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यांना काहीतरी खटकलं होतं. "ती कुठे आहे?" त्यांनी विचारलं. कोण? "ती, खोक्यातली." प्लॅस्टिकची तुळस कोपऱ्यात, माळांखाली पडली होती. "इतकी वर्षं तिनेच उभं राहून लग्नं लावून घेतली. आज तिला खोक्यात ठेवता? आणा तिला. करवली करा." शशीकाकू स्वतः गेल्या, तिला पुसून आणलं, आणि आमच्या तुळशीमागे उभी केली, डोक्यावर इवलासा कलश देऊन. मग मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येकाचा सूर वेगळा, मुलांना शब्द येत नव्हते म्हणून ती नुसतीच "सावधान" जवळ आली की जीव खाऊन ओरडत होती. मी ओरडले. माझा आवाज केवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. अंतरपाट दूर झाला, तांदळाचे पिवळे दाणे आमच्या अंगावर, तुळशीवर, त्या कोवळ्या पालवीवर पडले, आणि माझ्या मनात दुसरं काहीच आलं नाही, फक्त एवढंच: गेली. शेवटाला गेली.

जेवणात कोथिंबिरीच्या वड्या होत्या आणि पुदिन्याची एवढी चटणी होती की लोक डब्यांतून घरी घेऊन गेले. थंडी सरून ती पुन्हा भरली आणि तिला मंजिऱ्या आल्या, त्या मी वाटल्या. आलेल्या प्रत्येकीला सांगितलं, कुंडीला भोक हवं, आणि कुंडी उचलून बघायची. आणि त्याआधी पुदिना लावायचा.

सासूबाई आता नाहीत. मी आजी झाले, घर बदललं, ही खिडकी तेवढी खोल नाही. पण त्याच डबीतल्या बियांचा वंश कट्ट्यावर आहे, आणि मंडळाच्या खोक्यातली करवली अजून दर वर्षी मागे उभी राहते. उजेड आखडायला लागला की मला फोन येऊ लागतात. मी आता फोन पहिल्या रिंगला उचलते. काल केंब्रिजहून एका मुलीचा आला, नवीन लग्न होऊन आलेली, ओळख ना पाळख, कुणीतरी नंबर दिलेला. रडवेला आवाज. "काकू, मला काही जमतच नाही हो. रोज पाणी घालते मी तिला, सासूबाईही घालतात, तरी मान टाकली तिने. जाणार ती."

"नाही जात," मी म्हटलं. "कुंडी उचल बघू."

थोडा वेळ नुसती खुडबुड. "उचलली. जड आहे."

"मग तिला आता काही घालू नकोस. हात जोड फक्त. सासूबाई आहेत का जवळ?"

"आहेत ना. इथेच उभ्या आहेत. तांब्या घेऊन."

"बरं झालं," मी म्हटलं. "घरात पुदिना आहे का?"